आधी स्पीकर सरकवा, सुताराला मग बोलवा

वाचकाचं पत्र: "मी अमळनेरला राहतो. मार्चअखेर बँकेतून निवृत्त झालो. घरात आणि गल्लीत सगळे मला अप्पाच म्हणतात. ३० वर्षं थोडे थोडे पैसे बाजूला टाकून शास्त्रीय गाण्याच्या रेकॉर्डी जमवल्या. आता त्या निवांत ऐकाव्यात म्हणून वरच्या मजल्यावरची खोली त्यासाठी करायला घेतली आहे. खोली १६ बाय ११ फूट, उंची १० फूट, वर स्लॅब, खाली कोटा फरशी, भिंतींना सिमेंटचा गिलावा. मोठे उभे स्पीकर एका भिंतीच्या दोन कोपऱ्यांत आणि समोरच्या भिंतीला टेकून माझी खुर्ची. गाणं लागलं की सगळं एकमेकांत कालवल्यासारखं होतं, बोल कळत नाहीत. एक विचित्र गोष्ट म्हणजे काही पुरुष गायकांच्या रेकॉर्डला तानपुऱ्याची पहिली तार एकटीच भुंग्यासारखी घुमते आणि बाकीच्या तारा मागे पडतात. बायकांच्या रेकॉर्डींना तसं होत नाही. दुकानदार म्हणतो, ॲम्प्लिफायर बदला. इंटिरियरवाल्याने चारही भिंतींना फोम, पीओपीचं फॉल्स सीलिंग आणि कार्पेट असं २ लाख ४० हजारांचं कोटेशन दिलं आहे. सौ. म्हणते, ही खोली गेली तर गाद्या-गोधड्या आणि वर्षाचं वाळवण ठेवायचं कुठे आणि कानबाईच्या सणाला आलेले पाहुणे झोपवायचे कुठे? दोन महिने घरात याच्यावरून तणतण चालू आहे. काय करू?"

अप्पा, नमस्कार.

तुम्हाला जी गोष्ट विचित्र वाटली, तीच तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ आहे. ३० वर्षं कान देऊन ऐकणाऱ्या माणसालाच ती कळते. दोष ॲम्प्लिफायरचा असता तर तो सगळ्याच रेकॉर्डींना दिसला असता. एकाच तारेला, तीही ठरावीक गायकांच्या, तो निवडून त्रास देत नाही. हे काम तुमच्या खोलीचं आहे, आणि खोलीचं माप तुम्ही दिलंय म्हणून मला इथे बसून हिशोब करता आला.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज येरझाऱ्या घालतो. खोलीच्या लांबीच्या दुप्पट लांब असलेली लाट त्या दोन भिंतींत नेमकी बसते आणि विरायचं नाव घेत नाही. तिच्या निम्म्या आणि तिसऱ्या हिश्शाच्या लाटांचंही तसंच. २५ अंश तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला ३४६ मीटर धरतात (आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांना तो ३५८ च्या आसपास जातो, पण त्याने हिशोब फारसा बिघडत नाही). तुमची लांबी १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर. तिची पहिली लाट ३५ हर्ट्झची (म्हणजे सेकंदाला ३५ कंपनं), दुसरी ७१ ची, तिसरी १०६ ची. रुंदी ११ फूट म्हणजे ३.३५ मीटर. तिची पहिली ५२ ची आणि दुसरी १०३ ची. हे १०६ आणि १०३ लक्षात ठेवा.

आता काळी १ ला, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून गाणारा गायक घ्या. त्याचा षड्ज १३८.६ हर्ट्झ. तानपुऱ्याची पहिली तार त्याच्या खालच्या पंचमावर लावलेली असते, म्हणजे षड्जाच्या पाऊणपट. झाले १०४. तुमच्या खोलीची लांबी आणि रुंदी दोघीही जिथे घुमायला तयार बसल्यात, नेमका तिथेच त्या तारेचा स्वर पडतो. खर्जाच्या (खालच्या षड्जाच्या) तारेला ७१ चा थोडा आधार मिळतो, पण तो एकट्या लांबीचा. पंचमाच्या मागे दोन भिंतजोड्या उभ्या आहेत.

खातरजमा करायची असेल तर त्याच पट्टीतला मालकंस लावा. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून पहिली तार मध्यमाला लावलेली असते, म्हणजे ९२ हर्ट्झच्या आसपास. भुंगा बराच निवलेला असेल. काळी ५ च्या गायिकेचा पंचम १७५ ला जातो, म्हणून बायकांच्या रेकॉर्डी तुम्हाला स्वच्छ वाटतात. तुमच्या संग्रहात काळी ४ ला गाणारी एखादी गायिका असेल तर तीही लावून बघा. तिथे पहिलीऐवजी शेवटची, खर्जाची तार घुमेल, कारण तिचा खर्ज बरोबर १०४ वर येतो.

एवढं कळलं की पहिला इलाज फुकटातला आहे. स्पीकर कोपऱ्यात ठेवलेत, आणि कोपऱ्यातून खोलीतली प्रत्येक लाट पुरत्या जोराने ढकलली जाते. तुम्ही भिंतीला टेकून बसता, आणि भिंतीपाशी प्रत्येक लाट सगळ्यात जोरात ऐकू येते. म्हणजे ढकलणाराही टोकाला आणि ऐकणाराही टोकाला. झोका आठवा. फळीला धक्का दिला तर तो भरभर चढतो, पण आढ्याला जिथे दोर बांधलाय तिथे कितीही जोर लावा, तो हलत नाही. खोलीतल्या लाटांच्याही अशा न हलणाऱ्या जागा असतात. लांबीच्या तिसऱ्या लाटेची अशी एक जागा लांबीच्या एक षष्ठांशावर, म्हणजे स्पीकरच्या मागच्या भिंतीपासून २ फूट ८ इंचांवर आहे. रुंदीच्या दुसऱ्या लाटेची जागा रुंदीच्या पाव भागावर, म्हणजे बाजूच्या भिंतीपासून २ फूट ९ इंचांवर. दोन्ही स्पीकर बरोबर त्या ठिकाणी आणा. दोघांमध्ये साडेपाच फूट अंतर राहील. तोंड थोडं आत, तुमच्याकडे वळवा. तुमची खुर्ची तुमच्या पाठीमागच्या भिंतीपासून ६ फूट पुढे घ्या, म्हणजे स्पीकरपासून तुमचा कान पावणेआठ फुटांवर येईल.

एक सावधगिरी. याच अंतरांवर भिंतीवरून परत आलेला आवाज १०५ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खातोही. त्यामुळे पंचम घुमायचा थांबून उलट हरवलाच, असं होऊ शकतं. तसं झालं तर स्पीकर चार बोटं मागे, चार बोटं आत, असं करत ऐका. आकडे जागा कुठे शोधायची ते सांगतात. नेमकी जागा तुमचा कान ठरवेल.

फोनवर टोन जनरेटरचं एखादं फुकट ॲप मिळतं. ते सिस्टिमला जोडून १०४ हर्ट्झचा स्वर मंद आवाजात लावा आणि खोलीत चालत फिरा. मी माझ्या खोलीत हे पहिल्यांदा केलं तेव्हा अंगावर काटा आला होता. एका पावलावर कानात दडा बसावा इतका आवाज आणि दोन पावलं पुढे गेलं की जणू कुणी बटण बंद केलं. वाकलं की वाढतो, उभं राहिलं की विरतो. तुमची जुनी खुर्ची कुठे होती ते त्या स्वरात एकदा उभं राहून बघाच. तोच स्वर वाजत असताना काचेच्या कपाटावर आणि खिडकीच्या गजांवर तळहात टेकवून फिरा. जे थरथरतं त्याच्याखाली रबराचा तुकडा किंवा फेल्ट घाला. वाळवणाचे पत्र्याचे डबे मात्र त्या खोलीतून हलवावेच लागतील. त्यांची झाकणं डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याला साथ देतात. जिन्याखाली त्यांची सोय करा, कुरडया-पापडांना तिथे अंधार आणि गारवाही बरा मिळेल.

आता दुसरी तक्रार, बोल न कळण्याची. हिचं कारण वेगळं आहे. खोलीच्या मध्यावर उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीच्या मागे "टर्रर्र" असा शेपटा ऐकू येतो ना? गिलावा, कोटा आणि स्लॅब हे तिघंही आवाजाचा शंभरातला दोन-तीन टक्केच भाग पितात, बाकी सगळा परत फेकतात. गायकाने एक अक्षर उच्चारलं की त्याचा शेपटा पुढच्या चार अक्षरांवर पसरतो.

मी यावल तालुक्यात धाब्याच्या घरात वाढले. जाड मातीच्या भिंती, वर सागाचं माळवं आणि त्यावर मातीचा थर, खाली शेणाने सारवलेली जमीन. वेचणी झाली की भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवायचो. मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस आणि दारापाशी जेमतेम एक खाट मावेल इतकी जागा. लहानपणी आम्ही भावंडं मुद्दाम त्या खोलीत जाऊन एकमेकांना हाका मारायचो, कारण उंबरा ओलांडला की आपलाच आवाज बदलायचा. तोंडातून निघालेला शब्द तोंडापाशीच थांबल्यासारखा व्हायचा. खाज सुटायची, आई ओरडायची, तरी आम्ही जायचो. वडील रेडिओ त्याच दारात ठेवायचे, आणि आकाशवाणी जळगावच्या बातम्यांचा शब्द न् शब्द कळायचा. पुढे ते घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा तोच रेडिओ नव्या हॉलमध्ये डब्यात बोलल्यासारखा वाजू लागला. रेडिओ बिघडला म्हणून वडिलांनी तो दोनदा दुरुस्तीला नेला होता.

या सगळ्याचं शास्त्र एका माणसाने बसण्याच्या उशा वाहून शोधून काढलं. १८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फॉग म्युझियमचं नवं व्याख्यानगृह बांधलं, आणि तिथे बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं. त्याने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या उशा रात्री उचलून आणल्या, एकेक करून व्याख्यानगृहात मांडल्या, ऑर्गनची एक नळी वाजवली आणि तिचा आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं. पहाट व्हायच्या आत उशा परत जागेवर ठेवायच्या आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. त्यातून जे सूत्र निघालं तेच आजही वापरतात, आणि १९०० साली उघडलेलं बॉस्टनचं सिम्फनी हॉल त्याच्याच सल्ल्याने बांधलं गेलं. शोषण मोजायला त्याने जे एकक घेतलं ते मला फार आवडतं. ते म्हणजे उघडी खिडकी. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे पूर्ण शोषण.

तुमच्या खोलीचं घनफळ ५० घनमीटर. रिकामी असेल तर सूत्राने आवाज विरायला ३ सेकंदांच्या वर लागतील. गाणं ऐकायच्या घरगुती खोलीत तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवा. त्यासाठी सुमारे १७० चौरस फूट उघड्या खिडकीएवढं शोषण लागतं. (मे महिन्यात रात्री दोन्ही खिडक्या उघडून ऐकलं तर खोली आपसूक सुधारलेली वाटते, ती याचमुळे.)

मग इंटिरियरवाल्याचा फोम काय वाईट? त्याबद्दल मी कळकळीने सांगते, कारण मी तो लावून बसले होते. बारा वर्षांपूर्वी जळगावच्या घरात मी चारही भिंतींना एक इंच जाडीचा खाचेचा फोम सोल्युशनने चिकटवून घेतला. पहिल्याच दिवशी टाळीचा शेपटा गेला म्हणून आनंद झाला. आठवडाभरात लक्षात आलं की गाण्यातला प्राणही गेला. सतारीची जवारी, झांजेची किणकिण, गायकाचा श्वास, सगळं फोमने पिऊन टाकलं, आणि खालचा घुमारा होता तसाच राहिला. १०४ हर्ट्झची लाट सव्वातीन मीटरांहून जरा जास्तच लांब असते. तिला एक इंच फोम म्हणजे वाटेतला कागद. वरचे स्वर गेल्यामुळे खालचे उलट जास्तच बोचू लागले. मग एप्रिल आला. पश्चिमेची भिंत दुपारी हात लावता येऊ नये इतकी तापायची. एका दुपारी खोली उघडली तर सोल्युशनचा उग्र वास आणि फोमचे तक्ते जमिनीवर. सोलून आलेल्या रंगाचे पापुद्रे त्यांच्या पाठीला चिकटलेले होते. जो फोम टिकला तो दोन उन्हाळ्यांत पिवळा पडून बोटांनी चुरगळायला लागला. ज्यांनी तो बसवला त्यांनी नंतर फोन उचलला नाही. तो खर्च आणि भिंती पुन्हा घासण्याचे कष्ट तुमच्या वाट्याला येऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

फोमऐवजी जाड चौकटी करा, भिंतीला चिकटवायच्या नाहीत, फोटोसारख्या टांगायच्या. सुताराकडून ४ फूट बाय २ फुटांच्या, ४ इंच खोल लाकडी चौकटी करून घ्या. आत ४८ घनतेच्या (घनमीटरला ४८ किलो) रॉकवूलच्या, म्हणजे दगडी लोकरीच्या, दोन-दोन इंचांच्या दोन लाद्या बसतात. ही लादी थंडी-उष्णतेचं इन्सुलेशन करणाऱ्यांकडे मिळते. ऑडिओच्या दुकानात जायची गरज नाही. मागून-पुढून मांजरपाट ताणून स्टेपल करा आणि वरून काकूंच्या पसंतीचं सुती कापड लावा. कापड कोणतं चालेल याची परीक्षा सोपी आहे. ते तोंडाला घट्ट लावून फुंकर मारा. पलीकडे धरलेल्या तळहाताला वारा लागला तर उत्तम. रेक्झिन, सॅटिनच्या जाड पडद्याचं कापड वगैरे नको. चौकट भिंतीपासून दोन इंच पुढे राहील असे हुक ठोका. त्या पोकळीने खालचे स्वरही जास्त पकडले जातात. रॉकवूल हाताळताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. ते काम गच्चीवर करा, खोलीत नाही.

आपण कापसाच्या मुलखातले, तर रॉकवूलऐवजी कापूसच का नको, असं तुमच्या मनात येईल. माझ्याही आलं होतं. फोमनंतरच्या पहिल्या चार चौकटी मी पिंजाऱ्याकडून रुई पिंजून आणून भरल्या. आवाज सुंदर पिला, पण एका पावसाळ्यात रुई खाली बसली आणि वरची फूटभर चौकट नुसती पोकळ राहिली. शिवाय उभ्या भिंतीवर, विजेच्या वायरींजवळ मोकळी रुई म्हणजे आगीला निमंत्रण. रॉकवूल दगडापासून केलेलं असतं, ते पेट घेत नाही. म्हणून भिंतीवर रॉकवूल. कापूस हवाच, पण तो गोधडीसारखा टाके घालून बांधलेला, आणि त्याची जागा कोपऱ्यात.

म्हणूनच काकूंच्या गाद्या-गोधड्या खोलीतून बाहेर काढू नका. मला त्या हव्या आहेत. मागच्या दोन कोपऱ्यांत दोन-दोन फूट चौरस, सहा फूट उंच असे फळ्यांचे साधे सांगाडे करा. तळफळी जमिनीपासून वीतभर वर असू द्या, म्हणजे ओल आणि वाळवी लागणार नाही. दारं लावू नका, समोर मांजरपाटाचा पडदा सोडा. त्यात गाद्या गुंडाळून उभ्या आणि गोधड्यांची चवड रचून ठेवा. खालच्या स्वरांना थांबवायला जाडी लागते, आणि दोन फूट जाडीचा दाबून भरलेला कापूस बाजारात विकत घ्यायला गेलात तर फार महाग पडेल. तुमच्या घरात तो आहेच. लग्नसराईला किंवा कानबाईला गाद्या खाली उतरल्या की चार दिवस खोली घुमेल, मग परत शांत होईल. पाहुणे त्याच खोलीत झोपतील, चौकटी भिंतीवर, स्पीकर कडेला. काहीच अडणार नाही.

चौकटी किती? आठ करा, महिनाभर ऐका, मग लागल्या तर आणखी चार. पहिल्या चार कुठे लावायच्या ते आरसा दाखवेल. तुम्ही ऐकायच्या जागी बसा आणि काकूंना किंवा नातवाला कानाच्या उंचीवर बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज उसळी मारून तुमच्याकडे येतो. दोन्ही भिंतींवर दोन-दोन अशा जागा सापडतील. दोन चौकटी तुमच्या मागच्या भिंतीवर. दोन छताला, स्पीकर आणि खुर्चीच्या मधोमध, साखळीने आडव्या टांगलेल्या. तिथे पंखा असेल तर पंखा पुढे घ्यावा लागेल. जमिनीवर वॉल-टू-वॉल कार्पेट नको. आपल्याकडची धूळ बघता तीन महिन्यांत त्याचं काय होतं ते सांगायला नको. स्पीकर आणि बैठकीच्या मध्ये एक जाड सतरंजी, झटकून उन्हात टाकता येईल अशी, बस्स. रेकॉर्डींची आणि पुस्तकांची उघडी मांडणी मागच्या भिंतीला असू द्या.

पीओपीचं सीलिंग करू नका. जिप्समची सपाट फळी बोलांच्या पट्ट्यात स्लॅबसारखाच आवाज परत फेकते, वर उंची जाते आणि कुठला तरी सैल स्क्रू आयुष्यभर करकरत राहतो. उष्णतेसाठी करायचं असेल तर ते पैसे गच्चीवर घाला. मार्चमध्ये गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग मारला की खालच्या खोलीत फरक जाणवतो. कूलर त्या खोलीत नकोच. त्याचा आवाज तानपुरा गिळून टाकतो आणि दमट हवेने रेकॉर्डींच्या कव्हरांना बुरशी येते. परवडत असेल तर इन्व्हर्टर एसी घ्या, ऐकायच्या आधी अर्धा तास खोली गार करा आणि मग तो सगळ्यात मंद ठेवा. रेकॉर्डी पश्चिमेच्या भिंतीला किंवा पत्र्याच्या पेटीत ठेवू नका, आडव्या रचू नका. मेमध्ये एका दुपारीत त्या वाकतात आणि वाकलेली रेकॉर्ड सहसा पुन्हा सरळ होत नाही.

विजेचं थोडक्यात. म्युझिक सिस्टिमसाठी मेन बोर्डापासून वेगळी लाइन ओढून घ्या, अडीच एमएमची तांब्याची वायर. अर्थिंग तपासून घ्या. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि स्पीकरमधून बारीक "घूं" सुरू होऊ शकतं. उन्हाळाभर आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओतत जा. घरचा इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा असेल तर लाइट गेल्यावर सिस्टिम त्यावर चालवू नका.

ॲम्प्लिफायरचे पैसे वर्षभर बँकेत असू द्या, तुम्हाला ते सांगायला नको. त्याआधी एक बघा. स्पीकर १५-२० वर्षांपूर्वीचे असतील तर वूफरच्या (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या गोलाच्या) कागदी कोनाभोवतीची कड बोटाने हलकेच दाबा. ती फोमची असेल तर आपल्या उष्णतेने चिरफाळलेली सापडण्याची बरीच शक्यता आहे. ती कड बदलून मिळते, अख्खा स्पीकर बदलायची गरज नसते. मोजणीची हौस असेल तर एक मेजरमेंट माइक घ्या. रूम इक्यू विझार्ड नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि ते तुमच्या खोलीचा आलेख काढून देतं. त्यावर आत्ताचा १०४ चा डोंगर आणि नंतरचा उतार तुम्हाला डोळ्यांनी दिसेल.

आता एक बोलू का, अप्पा? तुमच्या सगळ्या पत्रात खुर्ची एकच आहे. खुर्ची काढून तिथे दोघांची बैठक घाला, जाड गादी आणि लोड. मधली जागा एकाचीच असते हे खरं, पण वीतभर बाजूला बसूनही गाणं छान ऐकू येतं. जमिनीवर बसलं की कान खाली येतो, म्हणून स्पीकरच्या पुढच्या पायांखाली काही घालू नका, मागच्या पायांखाली रबराची चकती सरकवून तोंड जरा खाली झुकवा. ट्वीटरची, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या गोलाची रेषा कानाशी आली की वरचे स्वर उघडतात. माझी आई आयुष्यात कधी "माझ्या खोलीत" गाणं ऐकायला आली नव्हती. चौकटी लागल्यावर मी तिला हाताला धरून वर नेलं. ती गादीवर टेकून अर्धा तास एक शब्द न बोलता ऐकत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "आते कानले गोड लागस." त्यानंतर दुपारच्या चहाची जागा खालच्या ओट्यावरून त्या खोलीत गेली.

तेव्हा येत्या रविवारी पहाटे ५ ला, गल्ली उठायच्या आत, पंखा बंद करून सुरुवात करा. काळी १ ची तीच घुमणारी रेकॉर्ड लावा. काकूंना ऐकायच्या जागी बसवा आणि स्पीकर तुम्ही सरकवा. अंतर मोजताना टेप वूफरच्या मध्याला लावा, पेटीच्या मागच्या कडेला नाही. स्पीकर जड असतील तर खाली जुनं पोतं घाला म्हणजे कोट्यावर ओरखडे न येता सरकतील. पहिल्या तारेच्या मागोमाग जोडाच्या (मधल्या) दोन्ही तारा आणि शेवटचा खर्ज असे चारही ठोके वेगवेगळे ऐकू आले, आणि काकूंनीही मान हलवली, की जमिनीवर खडूने चारही पायांच्या खुणा करा. सुताराला त्यानंतरच बोलवा.